बिनपाण्याचे प्लॉट

चारुता पाठकने शाळेतली गणिताची नोकरी सोडून जमिनीच्या धंद्यात पडायचं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा अमेय एवढंच म्हणाला, "पण तुला भाव करता येतो का? परवा रिक्षावाल्याने ऐंशी सांगितले, तर तू 'फार कमी नाही ना होत तुम्हाला?' असं विचारलंस."

चारुता चिडली नाही. ती शिबिराला जाऊन बसली. जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात वैजनाथ बिडकर नावाचे गृहस्थ 'जमिनीतून समृद्धी' असं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचे. सरांचा आवाज मोठा, अंगठ्या त्याहून मोठ्या. पण सांगायचे ते बरंचसं कामाचं होतं. एनएचा, म्हणजे बिगरशेती परवानगीचा, आदेश स्वतः वाचा. रस्ता नकाशात आहे तसाच जमिनीवर आहे का, ते पायी चालून बघा. शेजारच्या टपरीवर चहा घ्या, जमीनमालक जे सांगणार नाही ते टपरीवाला सांगेल. माणूस जमीन का विकतोय, ते कळल्याशिवाय भाव काढू नका. आणि सगळ्यात शेवटी सरांनी आपलं ब्रह्मास्त्र काढलं. "आपला भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. काही झालं तरी बोलायचं नाही. जो आधी बोलला, तो बुडाला!"

चारुताने हे वाक्य मनात दोनदा घोळवलं. शाळेत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला गप्प बसणं हीच खरी परीक्षा होती.

साल दोन हजार तेरा. उन्हाळा असा, की जायकवाडी धरणाचा तळ उघडा पडला होता आणि शहरात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून सांगत. तिकडे शेंद्र्याला मात्र नव्या कारखान्यांच्या शेड उठत होत्या. शहर त्या दिशेने सरकणार, हे सगळ्यांना दिसत होतं. पण पाण्याशिवाय तिथं राहायला जाणार कोण, म्हणून प्लॉटचे भाव जागच्या जागी बसले होते. "सगळे घाबरलेले असतात तेव्हा घ्यायचं," असं सरांनी सांगितलं होतंच. चारुताने स्कूटीला किक मारली आणि ती शेंद्र्याकडे निघाली.

तिथं पुंजाराम तुपे यांची जमीन होती. बरीचशी औद्योगिक वसाहतीत गेलेली, उरलेल्या रस्त्याकडेच्या तुकड्यात त्यांनी रीतसर एनए करून प्लॉट पाडले होते. दगड रोवून वर्ष होत आलं, तरी एकही प्लॉट विकला गेला नव्हता. चारुताने कागद पाहिले, रस्ता चालून पाहिला, टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने सांगितलं, की पुंजारामभाऊंना मुलाला, शिवराजला, वर्कशॉप टाकून द्यायचंय, म्हणून विकायची गरज आहे, पण घाई नाही. "आन् भावाचं बोलायचं तर भाऊंशी नाय बोलायचं," त्याने बजावलं. "द्वारकाबाईंशी बोला. भाऊ लई भोळा मानूस हाय."

द्वारकाबाई ओसरीवर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. साठीच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी चारुताला सतरंजी दिली, अर्धा पेला पाणी दिलं आणि नकाशा पुढं सरकवला. चारुताने कोपऱ्यावरच्या प्लॉटवर बोट ठेवलं.

"सहाशे रुपये फूट," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पाचशे," चारुता म्हणाली, आणि गप्प बसली.

द्वारकाबाईंनी सूप उचललं. फक् फक् फक्. कोंडा उडाला. त्या काही बोलल्या नाहीत. चारुताही बोलली नाही. समोर शेळी मिशीएवढ्या दाढीनं खुंटा घासत होती, ती दोघींकडे आळीपाळीने बघू लागली. सुनेने चहा आणून ठेवला. दोघींनी तो घेतला. बशा खाली ठेवल्याचा आवाज झाला, पुन्हा शांतता. द्वारकाबाईंनी भूसंपादनाच्या वेळी साहेब लोकांपुढं असंच बसून काढलं होतं, हे चारुताला फार नंतर कळलं. तिच्या पायाला मुंग्या आल्या. नाकावर माशी बसली. तिने माशीही उडवली नाही, न जाणो तेही बोलण्यातच धरलं जायचं.

तेवढ्यात शेताकडून पुंजारामभाऊ आले. ओसरीवर परकी बाई, समोर आपली बायको, दोघींची तोंडं लांब आणि कोणी अवाक्षर काढत नाही, हे पाहून ते पायरीवरच थबकले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कोन गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

कोणी बोललं नाही.

"अगं बोल की! शिवराजला काय झालं काय?"

द्वारकाबाईंनी नुसती नकाराची मान हलवली. चारुतानेही माणुसकी म्हणून मान हलवली. भाऊंची नजर नकाशावर पडली, कोपऱ्यावर ठेवलेल्या चारुताच्या बोटावर पडली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ते मोकळं हसून म्हणाले, "हात्तिच्या! प्लॉटाचं हाय व्हय? मंग देऊन टाक की साडेपाचशेला. तसंबी सहाशेनं कोन घ्यायला बसलंय!"

द्वारकाबाईंनी हातातलं सूप असं आपटलं, की ज्वारीचे दाणे शेळीपर्यंत गेले. "पंचवीस मिनटं तोंड शिवून बसले मी! आन् ह्यांनी आल्या आल्या उसवलं!"

चारुताला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला, तरी खांदे हलत राहिले. ते पाहून द्वारकाबाईही हसायला लागल्या, आणि भाऊ, आपण काय विनोद केला हे न कळता, सगळ्यांत मोठ्याने हसले.

"भाव फुटला तो फुटला," द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "साडेपाचशे. पन मंग बाकीचे प्लॉट तुमीच इकून द्यायचे. तुमचं कमिशन घ्या. आमाला ते पेपरातलं, जाहिरातीचं कायबी कळत नाय."

अशी चारुता एका बैठकीत प्लॉटची मालकीण झाली आणि चाळीसेक प्लॉटची विक्रेतीही. घरी येऊन तिने अमेयला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तू प्लॉट घेतलास की त्यांनी तुला घेतलं?"

जाहिरातीचा फ्लेक्स तिने दोन दिवसांत छापून आणला. शिबिरात शिकवल्याप्रमाणे नाव दिलं 'ग्रीन लेक सिटी'. चित्रात निळं तळं, तळ्यात बदकं आणि काठावर सोनेरी केसांचं पोरगं सायकल चालवतंय. द्वारकाबाई फ्लेक्ससमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्ये तळं कुठलं?"

"ती... कल्पना आहे. पुढे असं होऊ शकतं."

"आन् ह्ये गोरं पोरगं?"

"तेही कल्पनाच."

"तळं नाय, पोरगं नाय. मंग इकायलोय काय आपुन?"

चारुताने हसण्यावारी नेलं. रविवारी मांडव घातला, पेपरात जाहिरात दिली, आलेल्यांना ताक द्यायची सोय केली. पाच-सहा कुटुंबं आली. एका निवृत्त गृहस्थांनी टोपी सरळ करत नेमका तोच प्रश्न विचारला. "इथं पाण्याचं काय?"

नावडता प्रश्न आला की भविष्याबद्दल बोलायचं, हा सरांचा नियम. चारुताने घसा साफ केला. "बघा, येत्या पाच वर्षांत या संपूर्ण पट्ट्याचा जो विकास होणार आहे..."

"नाय," मागून द्वारकाबाईंचा आवाज आला. "पानी नाय. बोअर मारला व्हता, नुसता धुरळा निघाला. शिवराजची नवी कोरी शर्ट-पँट खराब झाली."

मांडव रिकामा व्हायला फार वेळ लागला नाही. ताक मात्र हंडाभर उरलं. चारुता, द्वारकाबाई आणि भाऊ ते पीत बसले.

"काकू, असं तोंडावर सांगतात का?" चारुताचा आवाज चढला होता. "मी खोटं बोलणार नव्हते. पण आधी जागा तरी नीट बघू द्यायची होती!"

"ताई, तुमी प्लॉट इकून शहरात जाल. आमाला हितंच ऱ्हायचंय," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "ही मानसं घर बांधनार, आन् हंडा घेऊन येनार कुनाच्या दारात? माझ्याच ना? तवा काय सांगू, बाबांनो, ते तळं कल्पना व्हतं?"

चारुताने ताकाचा पेला खाली ठेवला. वाईट याचं वाटत होतं, की या प्रश्नाचं उत्तर सरांकडेही नसावं.

पुढचे काही दिवस तिने एकाच प्रश्नावर डोकं खपवलं. पाणी नसलेली, पण सपाट, रस्त्याला लागून असलेली, कागद स्वच्छ असलेली जागा कोणाच्या कामाची? अमेयने "उंटाच्या" असं सुचवलं आणि त्या दिवशी त्याला भाजी न घालता नुसती पोळी वाढण्यात आली.

उत्तर तिला मुकुंदवाडीत सापडलं. स्टेशनकडे वळणाऱ्या रस्त्यावर वाहतूक तुंबली होती. एका कॉलनीसमोर पाण्याचे तीन टँकर उभे, आणि कॉलनीतली सगळी मंडळी एका जाडजूड माणसाला घेरून भांडत होती. इथं टँकर लावायचे नाहीत, पहाटे आवाज होतो, गेट अडतं, पोरं चढतात. तो माणूस, फकिरा त्याचं नाव, दोन्ही हात आभाळाकडे करून ओरडला, "वा रे वा! पानी सबको होना, टँकर किसी को नक्को!"

चारुताने स्कूटी बाजूला लावली आणि गर्दीतून वाट काढली. "भाऊ, टँकर लावायला स्वतःची जागा घेता का? जालना रोडला लागून आहे. कोणी भांडणार नाही. पण आधीच सांगते, तिथं पाणी नाही."

फकिराने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, मेरे को पानी का क्या करना? मैं तो पानी लेकेच फिरता!"

रस्त्याला लागून असलेले दोन दर्शनी प्लॉट त्याने घेतले. भाव करताना त्याने अर्धा तास अशी बडबड केली, की गप्प बसण्याचं शस्त्र उगारायला चारुताला फटच मिळाली नाही. खरेदीखत झालं आणि फकिराचे आठ टँकर रोज 'ग्रीन लेक सिटी'च्या फ्लेक्सखाली ओळीने उभे राहू लागले.

आणि मग गंमत झाली.

त्या उन्हाळ्यात टँकर म्हणजे लोकांच्या डोळ्यांत भरणारी गोष्ट. शेंद्र्याला कामाला जाणारी माणसं बसमधून, मोटरसायकलवरून रोज ते आठ टँकर बघायची. एवढे टँकर एका जागी उभे, म्हणजे ते तिथं भरत असणार! आणि भरत असणार म्हणजे खाली पाणी असणार! आठवडाभरात मुकुंदवाडीपासून पार चिकलठाण्यापर्यंत बातमी पसरली, की तुप्यांच्या प्लॉटमध्ये असा झरा लागलाय, की आठ टँकर उपसले तरी हटत नाही.

चारुताचा फोन थंड होईना. माणसं थेट जागेवर येऊ लागली. द्वारकाबाई प्रत्येकाला सांगायच्या, "बाबा, पानी नाय." ऐकणारा इकडंतिकडं बघून डोळा मारायचा. "कळलं, मावशी. बाहेर बोलायचं नाही." त्यांनी एका जोडप्याला हाताला धरून कोरड्या बोअरपाशी नेलं, तर नवरा बायकोला हळूच म्हणाला, "हा दाखवायचा असेल. चालू बोअर दुसरीकडे झाकून ठेवलाय."

वैतागून चारुताने पाटी रंगवून लावली. 'येथे पाणी नाही. बोअर कोरडा आहे.' पाटीचा फोटो लोकांनी एकमेकांना पाठवला. स्वतःच्या प्लॉटची अशी बदनामी कोणता विक्रेता करेल? नक्कीच भाव वाढेपर्यंत दडवून ठेवायचा डाव! रविवारी आणखी गर्दी झाली.

पुंजारामभाऊ खुशीत होते. "ताई, सातशे म्हना. लोक घेत्यात!" वैजनाथ सरांपर्यंतही बातमी गेली. त्यांचा फोन आला. "चारुताताई, कमाल केलीत! याला म्हणतात हवा तयार करणं. तुम्ही खोटं बोलत नाही आहात, पाटीसुद्धा लावलीय. आता गप्प राहा आणि विका!"

चारुताने फोन ठेवला. सरांचं बोलणं कायद्याला धरून होतं. पण शाळेत पंचवीस वर्षं तिने एक नियम पाळला होता. चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आलं, तर ती मार्क देत नसे. पोरांनी कितीही गळा काढला तरी नाही. इथं उत्तर झकास येत होतं आणि रीत पार सडकी होती. तिला स्वतःचाच राग आला, कारण सातशेचा आकडा ऐकून क्षणभर तिच्या मनात कोपऱ्यावरच्या आपल्या प्लॉटची किंमत चमकून गेली होती.

ती द्वारकाबाईंकडे गेली. "काकू, सगळ्यांना एकदाच बोलावू या. टँकर उघडून दाखवू."

"भाव पडंल," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पडेल."

"तुमच्या प्लॉटाचाबी."

"हो, माहितीय."

द्वारकाबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मंग बोलवा. ताक करून ठेवते. ह्या बारीला जरा कमीच करते."

त्या रविवारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. फकिरा पहिल्या टँकरवर चढला आणि नाटकातल्या राजासारखा उभा राहिला. "देखो भाई लोग!" त्याने व्हॉल्व्ह फिरवला. दोन थेंब पडले. दुसऱ्यातून गंज पडला. तिसऱ्याच्या पोटावर द्वारकाबाईंनी दगड मारला, ठण्ण आवाज मांडवभर घुमला. "ह्यो तुमचा झरा!" त्या म्हणाल्या. "टँकर पार तिकडं लांबच्या हिरीवर भरत्यात. हितं नुसते झोपायला येत्यात."

मांडवात कुजबूज झाली, मग गलका. एक जण तावातावाने उठला. "म्हणजे फसवलं आम्हाला!"

"कवा?" द्वारकाबाईंनी पाटीकडे बोट केलं. "एवढाल्या अक्षरात लिव्हलंय! वाचून सोडून दिलं, त्यात आमचा काय गुन्हा?"

माणसं उठून जाऊ लागली. चारुता खांबाला टेकून बघत होती. एकेक मोटरसायकल सुरू होत होती, तसतसं तिला आतून रिकामं वाटत होतं, आणि तरी खांदे हलके झाले होते. भाऊ टोपी हातात घेऊन नुसते बसले होते.

शेवटच्या रांगेत एक जोडपं मात्र उठलं नव्हतं. सखाराम शेंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर होता. मूळचा कन्नड तालुक्यातला, मुकुंदवाडीत एका खोलीत भाड्याने राहायचा. त्याची बायको गोजरबाई फकिराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमचे टँकर इथं रोज रिकामेच येत्यात व्हय?"

"खालीच आते, ताई."

"मंग येताना एक भरून आणता येतो का? आमी मुकुंदवाडीत तरी काय करतो? टँकरच्या मागं पळतो. इथं तो दारात यिऊन झोपनार असंल तर बरंच हाय की."

फकिराने डोकं खाजवलं. "आनाच है, तो भरके लाने में क्या जाता! पर खाली करेंगे किधर?"

चारुता खांब सोडून पुढं आली. इतके दिवस तिने गिऱ्हाइकाला काय सांगायचं, याचाच विचार केला होता. गिऱ्हाईक काय विचारतंय, ते नीट ऐकलंच नव्हतं. "काकू, मधल्या मोकळ्या जागेत जमिनीखाली टाकी बांधाल? सगळ्यांची मिळून एक. फकिराभाऊ रोज एक टँकर तिच्यात टाकतील. पैसे बाजारभावाने, पण टंचाईत इथला टँकर आधी, असं लिहून द्यायचं."

द्वारकाबाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ काही बोलणार तोच त्यांनी हाताने थांबवलं. "तुमी गप ऱ्हावा." मग फकिराकडे वळल्या. "टाकी बांधते. पन लिहून देनार का?"

"देता, अम्मा. स्टँप पेपर पे देता."

त्या दुपारी सखारामने आतला एक प्लॉट ठरवला. पुढच्या आठवड्यात त्याच्याबरोबर काम करणारे आणखी चौघे आले. भाव पडला होताच. द्वारकाबाईंनी तो सव्वापाचशेवर धरला आणि टाकीचा खर्चही त्यातच घातला. चारुताने तळ्याचा फ्लेक्स उतरवला. नव्या फ्लेक्सवर टँकरसमोर उभ्या द्वारकाबाईंचा फोटो होता आणि खाली एवढंच, 'पाणी नाही. टाकी आहे. टँकर दारात.' नथ नीट आली नाही, म्हणून द्वारकाबाईंनी फोटो तीनदा काढायला लावला. शेवटी छापला तोही त्यांना पसंत नव्हताच.

शहरातल्या गुंतवणूकदारांपैकी कोणी फिरकलं नाही. पण कारखान्यात पाळी करून येणारी, भाड्याला कंटाळलेली माणसं येत राहिली. दसऱ्यापर्यंत निम्म्याहून जास्त प्लॉट गेले. शिवराजचं वर्कशॉप उभं राहिलं आणि त्याने पहिलं काम केलं ते टाकीच्या लोखंडी झाकणाचं. त्या वर्षी पाऊस बरा झाला, पुढच्या वर्षी पुन्हा दगा दिला. तेव्हा शहरातल्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत टँकरसाठी हाणामाऱ्या चालल्या होत्या आणि तुप्यांच्या प्लॉटमध्ये गोजरबाई संध्याकाळी अंगणात सडा टाकत होती. ते पाहून गावातल्या बायका म्हणायच्या, "बया, लईच माज आलाय ह्यांना!"

चारुताने आपला कोपऱ्यावरचा प्लॉट खानावळ काढायला निघालेल्या दोघा भावांना विकला. नफा झाला, सरांनी शिबिरात सांगितला होता तेवढा नव्हे, पण अमेय तोंडात बोट घालेल एवढा नक्की. तिने भावांना जागेचे सगळे दोष आधीच सांगून टाकले. दुपारच्या उन्हाची बाजू, पावसाळ्यात कोपऱ्यावर साचणारा चिखल, पहाटेचा टँकरचा आवाज. थोरला भाऊ ऐकत राहिला आणि म्हणाला, "अजून काही राहिलं असेल तर तेही सांगा, म्हणजे भाव करायला आम्हाला सोपं जाईल." तिने खरंच आणखी एक सांगितलं. त्याने त्याचेही पैसे कमी करून घेतले.

वर्षभराने कन्नडजवळ, घाटाच्या अलीकडे, एक जागा विक्रीला असल्याचं कळलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "मीबी येते. भागीदारी करू." जीपमधून उतरल्यावर चारुता सवयीप्रमाणे रस्ता पायी मोजायला निघाली. परत येऊन बघते, तर द्वारकाबाई जागेवर नव्हत्याच. त्या शेजारच्या शेतात, बांधावर बसून, तिथल्या म्हातारीबरोबर शेंगा सोलत होत्या. चारुताला बघून त्यांनी लांबूनच हात केला.

"या ताई, बसा. ही म्हनती, हितं पावसाळ्यात वढ्याचं पानी चढतंय. आपल्याला घाई नाय. आधी सगळं ऐकून घिऊ."

चारुता चपला काढून बांधावर बसली आणि तिनेही मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.